हरिपाठाचा अर्थ घरात आहे



दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लावून हरिपाठ म्हणावयाचा, हा वारकऱ्याच्या घरचा नेम. त्याविषयी नवे सांगण्यासारखे काही नाही. माउलींचा हरिपाठ २७ अभंगांचा. रोज कानावर पडला तर लहान पोरालाही थोड्या दिवसांत पाठ होतो. पण पाठ होणे निराळे आणि त्याचा अर्थ लागणे निराळे. कीर्तन आटोपून आम्ही उपरणे आवरतो न आवरतो तोच कोणी तरी जवळ येऊन बसतो आणि विचारतो, "महाराज, वीस वर्षं झाली म्हणून राहिलो. तोंड म्हणते, आत काही हालत नाही. याचा अर्थ कुठं सापडंल?" त्याची अपेक्षा असते की आम्ही एखाद्या सार्थ पोथीचे नाव सांगावे. पोथीचे नाव सांगता येईल, पण तेवढ्याने काम भागणार नाही. कां, ते आज पाहू.

हा प्रश्न जुन्या शास्त्रकारांनाही पडलेला होता. यास्काचार्यांनी निरुक्तात, वेद पाठ करून त्याचा अर्थ न जाणणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. उपमा मार्मिक आहे. खांब सगळे छप्पर तोलून धरतो. पण छपराखाली कोण जेवले, कोण उपाशी निजले, हे खांबाला ठाऊक नसते. मग अर्थ कळावा कसा? आम्ही पाठशाळेत अमरकोश घोकला. त्यात आईला चार नावे दिली आहेत. ती चारही आजतागायत मुखोद्गत आहेत, पण त्या चार नावांनी आई कळली असे कोणी म्हणणार नाही.

न्याय आणि मीमांसा या शास्त्रांत यावर फार सुंदर विचार केलेला आहे. शब्दाचा अर्थ मनुष्य कशाकशाने शिकतो? व्याकरणाने शिकतो, कोशाने शिकतो, जाणत्याच्या सांगण्याने शिकतो, अशी साधने त्यांनी मोजली; आणि या सर्वांत मुख्य कोणते, तर वृद्धव्यवहार. त्याचे उदाहरण पाठशाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. घरातला वडील माणूस म्हणतो, गाय आण. दुसरा उठतो आणि गाय आणतो. तिथेच अंगणात एक पोर खेळत असते. ते ऐकते आणि पाहते. पुढे वडील म्हणतात, गाय बांध, घोडा आण. पोर पुन्हा पाहते. असे पाहता पाहता त्याला गाय म्हणजे काय आणि आण म्हणजे काय हे उमगते. त्याला कोणी कोश दिलेला नसतो. व्यवहार चालतो आणि त्यातून अर्थ मिळतो.

आता हरिपाठाला आणि आपल्या एकूण भजनाला हाच न्याय लावून पाहा. आपल्या संप्रदायातले शब्द कोणते? माउली, बाप, लेकरू, माहेर, सोयरा, भूक, घास, रुसवा, आळवणी. विठ्ठल हा पुरुष देव, तरी आपण त्याला विठाबाई म्हणतो, आई म्हणतो. वारीच्या वाटेवर अनोळखी माणसाच्या पायाला हात लावून त्याला माउली म्हणतो. हे सगळे शब्द घरातले आहेत; एकही शब्द राजवाड्यातला नाही की कचेरीतला नाही. मग त्यांचा अर्थ शिकण्याचे ठिकाणही घरच. ज्याने रात्री दोन वाजता उठून तापलेल्या पोराच्या कपाळावर पाण्याची घडी ठेवली, त्याला माउली या शब्दाचा अर्थ कोणी फोड करून सांगावा लागत नाही. आणि ज्याने हे कधी केलेच नाही, त्याने दिवसातून शंभर वेळा माउली म्हटले तरी त्याचा शब्द खांबासारखाच उभा राहणार.

पंढरीच्या देवाचे तर सगळे आख्यानच घरातल्या एका कामावर उभे आहे. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत बसला होता. देव दारात आला. पुंडलिकाने त्याला सांगितले की थांब, आणि उभे राहावयास एक वीट सरकवली. याच पुंडलिकाने आधी आईबापांची हेळसांड केली होती असे परंपरा सांगते, हेही विसरू नये. म्हणजे तोही हा अर्थ उशिरा शिकला. देव रागावला नाही. माझी पूजा आधी कर असे म्हणाला नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहिला तो अजून उभा आहे, आणि आपण चंद्रभागेच्या वाळवंटात आधी पुंडलिकाचे दर्शन घेऊन मग देवाकडे जातो. म्हणून हरिपाठ चालू असता आतून हाक आली आणि उठावे लागले तर पाठ मोडला, असे समजणाऱ्यांनी विटेचा विचार करावा.

याच ठिकाणी आम्हा विदर्भातल्या माणसांची एक गंमत सांगण्याजोगी आहे. रुक्मिणी ही आमच्या कौंडण्यपूरची लेक. अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठी तिचे माहेर, आणि तिथून तिची पालखी पंढरीला जाते. त्या हिशेबाने पांडुरंग आमचा जावई. आणि या लेकीचे राऊळ पंढरीत नवऱ्याच्या शेजारी नाही, वेगळे आहे. ती रुसून दिंडीरवनात आली होती ही कथा सर्वांना माहीत आहे. देवाच्या घरीसुद्धा रुसवा चुकला नाही, तेव्हा ज्या घरात भांडण होते त्या घरात प्रार्थना होऊ शकत नाही ही समजूत टाकून द्यावी.

ज्ञानोबारायांचेच घर घ्या. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांना समाजाने वाळीत टाकले, आईबाप गेले, चार भावंडे उरली. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानोबा झोपडीत शिरले आणि त्यांनी ताटी लावून घेतली. बाहेर कोण उभे? धाकटी बहीण मुक्ताबाई. तिने ताटीबाहेरून जी आळवणी केली ती ताटीचे अभंग म्हणून आपण म्हणतो. विचार करा, ही आळवणी मंदिरात झालेली नाही. रुसलेल्या भावाच्या दारात धाकट्या बहिणीने केलेली आहे. तिला तत्त्वज्ञान सांगावयाचे होते खरे, पण आधी भावाला बाहेर काढावयाचे होते. आणि शके १२१२, म्हणजे सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरीच्या शेवटी जे पसायदान आले ते याच घरातून आले. त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही. त्यांचा दुष्टपणा जावा एवढेच मागितले आहे. ज्याच्या घरावर बहिष्कार पडला होता तो हे मागतो आहे, हे ध्यानात ठेवून पसायदान म्हटले म्हणजे त्याचा अर्थ निराळा लागतो.

तथापि एक शंका येईल. येणेही योग्य आहे. नामात तल्लीन झाले म्हणजे घराचा विसर पडतो, आणि तोच खरा भक्त, असे आपण ऐकत आलो आहोत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा त्यासाठीच सांगतात. गोरोबा चिखल तुडवीत होते, मुखाने नाम चालले होते, रांगते मूल चिखलात आले आणि पायाखाली गेले. पुष्कळ वक्ते इथे थांबतात आणि म्हणतात, पाहा केवढी तल्लीनता! अशा वेळी बायकांच्या बाजूला पाहावे. तिकडे एकही मान डोलत नसते. आयांनी मांडीवरचे पोर जवळ ओढलेले असते.

आमचे म्हणणे असे की ही कथा तिथे संपवण्याचा कोणाला अधिकार नाही. परंपरेने ती तिथे संपवलेली नाही. पुढे त्या घरात अबोला आला, शपथ आली, गोरोबांनी स्वतःचे हात तोडून घेतले. आणि शेवटी पंढरीस नामदेवरायांच्या कीर्तनात हात परत आले आणि मूल रांगत आईकडे आले. मूल आईच्या कुशीत परत आल्याखेरीज ही कथा पुरी होत नाही. ज्यांनी ती शेकडो वर्षे सांगितली त्यांना, नाम राहिले आणि मूल गेले, एवढ्यावर समाधान झाले नाही. नामही पाहिजे आणि मूलही पाहिजे, असा संप्रदायाचा हट्ट आहे. तो हट्ट आम्हांला फार मोलाचा वाटतो.

आता दुसऱ्या टोकाला जाऊन कोणी म्हणेल की घरकाम हीच पूजा, तेव्हा बायकांना वेगळी पूजा कशाला? असे म्हणणारे बहुधा पाटावर बसून म्हणतात, आणि त्यांच्या पाटापुढे ताट दुसऱ्या कोणी तरी आणून ठेवलेले असते. त्यांनी जनाबाईचे आख्यान नीट ऐकावे. गंगाखेडची ही पोर दामाशेटींच्या घरी आली आणि त्यांच्या घरचे दळणकांडण करीत राहिली. पहाटे देव आला. कशासाठी आला? जनाबाई, ओढ, हीच तुझी पूजा, असे सांगावयास आला काय? त्याने शेला बाजूला ठेवला आणि जात्याच्या खुंट्याला हात घातला. शेण गोळा केले, गोवऱ्या थापल्या. पैठणास नाथांच्या घरी हाच देव श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहात होता असे आपण श्रद्धेने सांगतो आणि आजही नाथषष्ठीला तिथला रांजण भरतो. मग दुसऱ्याचे काम हे त्याचे पूजन आहे असे नुसते सांगणाऱ्याने देवाचे अनुकरण केले, असे म्हणता येत नाही. अनुकरण करावयाचे तर खुंट्याला हात लावावा लागतो.

जाते म्हटले की ओव्या आठवतात. हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यास स्थायिक झालेले गी प्वातवाँ या दोघांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखावर गेली. एक लाख! ज्यांनी त्या रचल्या त्यांतल्या पुष्कळ जणींना लिहितावाचता येत नव्हते. त्या ओव्यांत विठ्ठल आहे, पण तो एकटा नाही. त्याच दळणात भाऊ आहे, सासर आहे, मेलेली आई आहे, पोराचे आजारपण आहे, रुक्मिणीचा तुळशीवरचा मत्सरही आहे. देव आणि घर अशा दोन वह्या त्या बायांनी ठेवल्या नव्हत्या. पुढे गिरणी आली, जाते थांबले, आणि आता ते लग्नघरी हळदीपुरते बाहेर निघते. गिरणी आली हे चांगलेच झाले; पहाटे दोन पायली दळून ज्यांचे खांदे भरून येत त्यांना विचारावे. पण जात्याबरोबर घरात मोठ्याने देवाशी बोलण्याची एक जागा गेली, हे मात्र खरे.

घर नेहमी गोड असते असेही नाही. बहिणाबाईंचे (सन १६२८ ते १७००) आत्मचरित्र ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की कीर्तनाला जाते आणि तुकोबांचा ध्यास घेते म्हणून नवऱ्याने त्यांना मारले. पुढे तोच आजारी पडला, त्यांनी त्याची सेवा केली, तो पालटला. हा शेवट सांगून कोणी कोणा बाईला, तूही सोस, तुझाही पालटेल, असा उपदेश करू नये. मार हा प्रसाद नव्हे. तसेच तुकोबांच्या जिजाईचे. तिला कजाग ठरवून सभेत हशा पिकवणे फार सोपे आहे. पण दुष्काळाने पिचलेल्या घरात चूल कोणी पेटती ठेवली, आणि डोंगरावर भाकर घेऊन कोण चढत होते? तिच्या पायात काटा मोडला तो देवाने काढला अशी कथा आहे. तुकोबांच्या नव्हे, जिजाईच्या पायाला देवाचा हात लागला. ही कथा सांगणारे हशाच्या वेळी ती विसरतात.

असो. आता एका घरातली गोष्ट सांगतो. नागपूरच्या पूर्वेकडच्या एका वस्तीत आमचा चातुर्मासातला सप्ताह होता. चौथ्या दिवशी एक सूनबाई पाया पडून तिथेच थांबली. म्हणाली, "महाराज, माझा हरिपाठ बाटून राहिला."

"बाटून म्हणजे?"

"मी दिवा लावते, चार अभंग होत नाहीत तोच सासूबाई आतून ओरडतात. उठाच लागते. परत येऊन बसते, परत हाक. तीन वर्षं झाली त्यांना लकवा मारला, वाचा गेली, नुसता आवाज काढतात. परवा मी रागानं टाळ आपटले. आता देवापुढं बसायची लाज वाटते."

आम्ही विचारले, "दिवसभर ओरडतात काय?"

"नाही. दिवसा पडून राहतात. दिवेलागणीलाच."

"आजारी पडण्याच्या आधी त्या दिवेलागणीला काय करीत होत्या?"

ती बोलेना. मग हळूच म्हणाली, "हरिपाठ."

आम्ही म्हटले, "मग त्या तुला उठवून नाही राहिल्या, बाई. त्या पाठाला येऊन राहिल्या आहेत. दिवा त्यांच्या खोलीत ने."

तिने तसे केले. देवघरातला पाठ सासूच्या खाटेशी गेला. पहिले काही दिवस नुसताच आवाज, मग एका संध्याकाळी चरणाच्या शेवटचा शब्द म्हातारीच्या तोंडून निघाला, स्पष्ट निघाला. पुढे दोन-दोन शब्द येऊ लागले. याला आम्ही चमत्कार म्हणत नाही आणि वाचकांनीही म्हणू नये. मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन ज्यांची वाचा जाते अशांपैकी काहींना साधे पाणी मागता येत नाही, पण जन्मभर म्हटलेली गाणी आणि प्रार्थना म्हणता येतात, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. त्या बाईंचे बोलणे परत आलेले नाही. पाणी हा शब्द अजूनही येत नाही. जे जन्मभर रोज म्हटले तेवढे मात्र शिल्लक राहिले होते, आणि ते बाहेर येण्यासाठी शेजारी कोणी तरी म्हणणारे पाहिजे होते.

आणखी एक विचारणे उरले होते. "यजमान कुठं असतात त्या वेळी?" ती म्हणाली, "मंडळात. मृदंगावर." आम्ही यजमानांना बोलावून सांगितले की भाऊ, आठवड्यातले तीन दिवस मृदंग दुसऱ्याकडे द्या आणि आईपाशी बसा, पाठ म्हणा आणि तिचे करा. ते बरेच संकोचले. म्हणाले, "महाराज, पाठ म्हणीन. पण आईचं अंग पुसणं, कपडे बदलणं, ही बाईमाणसाचीच कामं हो." आम्ही विचारले, "तुमचं कोणी पुसलं होतं?" हे त्यांना लागले. सप्ताहाचे उरलेले दिवस ते कीर्तनाला आले नाहीत.

दोन-अडीच महिन्यांनी कार्तिकात आले. वेदान्त विचारावयास नव्हे. आईच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलावयास सांगितले होते, ती रात्री एकट्याने कशी बदलावी, आमच्या घरीही अंथरुणाला खिळलेले माणूस होते तेव्हा आम्ही कसे करीत होतो, हे विचारावयास आले होते. आम्हांला जे माहीत होते ते सांगितले: चादर खाली दुमडून तिलाच धरून वळवावे, ओढू नये, टाचा टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली मऊ घडी ठेवावी, अंथरुणाला सुरकुती राहू देऊ नये. बोलता बोलता ते म्हणाले की आईला वळवताना ती त्यांच्या दंडाला घट्ट धरते, आणि त्या धरण्याची सवय हाताला झाल्यापासून भजनात माउली हा शब्द आला की तोंडातून लवकर निघत नाही. आम्ही त्यावर काही बोललो नाही. वृद्धव्यवहार आम्ही पाठशाळेत तीन दिवस शिकलो होतो. यांनी तो दोन महिन्यांत शिकला, तोही रात्रीचा.

मृदंग त्यांनी घरी आणला नाही, कारण त्याच्या आवाजाने आई दचकते. टाळ मात्र आणले. धाकटी नात शाळेचा अभ्यास घेऊन त्याच खोलीत बसू लागली. ती पाठ म्हणत नाही, पण उठूनही जात नाही. तेवढे पुरे आहे. पोराला बळेच बसवून डोळे मिटावयास लावणाऱ्यांपैकी आम्ही नाही. अंगणातल्या पोराला गाय आण याचा अर्थ कोणी बळेच शिकवला नव्हता.

आपल्या विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९ ते १९६८) गावोगाव सामुदायिक प्रार्थनेचा प्रघात पाडला. सारे गाव एका वेळी एका ठिकाणी बसावे असा त्यांचा आग्रह. आज गावाची गोष्ट दूर राहिली; एका छपराखालची चार माणसे चार खोल्यांत चार पडदे पाहतात. आमची सूचना एवढीच आहे की ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल त्या घराने पाठाची जागा त्याच्या खाटेशी न्यावी. ज्या घरात तान्हे असेल त्याने ते मांडीवर घेऊन म्हणावे आणि पाळीपाळीने घ्यावे. आणि जी एकटीच स्वयंपाकघरात आहे तिला कोणी तरी मोकळे करून पाठाला बसवावे, पोळ्या त्या वेळी दुसऱ्याने लाटाव्यात. वाकड्या झाल्या तरी पांडुरंगाची काही हरकत नाही.

त्या घराला यंदा आषाढीस पंढरीला जाता आले नाही. पण नागपूर जिल्ह्यातच कळमेश्वर तालुक्यात धापेवाडा आहे. तिथे विठोबाचे राऊळ आहे, नदीचे नावही चंद्रभागा, आणि आषाढात मोठी यात्रा भरते. पहिल्या दिवशी सूनबाई गेली, यजमान घरी राहिले. दुसऱ्या दिवशी यजमान गेले, ती घरी राहिली. येताना दोघांनीही म्हातारीसाठी बुक्का आणला, एकमेकांना न सांगता. दोन्ही पुड्या तिच्या उशाशी ठेवलेल्या आम्ही पाहिल्या.